नव्या महाबळेश्वराआधी धावडांच्या भट्ट्या

'नवीन महाबळेश्वर' या नावाने गेली काही वर्षे चर्चेत असलेल्या गिरिस्थान प्रकल्पाचे समर्थन करताना एक विधान इतक्या सहजपणे केले जाते, की ते तपासून पाहावे असे कुणाला वाटत नाही. या डोंगरात उद्योग नाही, शेतीवर पोट भरत नाही, म्हणून तरुण मुंबईची वाट धरतो; पर्यटन आले की तो गावातच राहील, असे ते विधान. महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाला प्रकल्पासाठी विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमण्यात आले आणि आरंभी महाबळेश्वर, जावळी, सातारा व पाटण या तालुक्यांतील २३५ गावे त्याच्या कक्षेत घेण्यात आली. पर्यटनाने तरुण गावात राहील की नाही यावर वाद चालू आहेत आणि ते चालू राहतील. माझा आक्षेप विधानाच्या पहिल्या अर्ध्या भागाला आहे, कारण त्यात या डोंगराचा इतिहास १८२९ पासून, म्हणजे इंग्रजांनी महाबळेश्वरचे पठार मिळवले तेव्हापासून, सुरू होतो असे न बोलता गृहीत धरलेले आहे.

महाबळेश्वरचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंचीवर आहे. काळ्या कातळाच्या थरांवर जांभ्या दगडाची टोपी घातल्यासारखी त्याची रचना आहे. वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पठाराच्या पश्चिम अंगावर कोसळतो आणि जेमतेम अठरा-वीस किलोमीटर पूर्वेला, पाचगणीत, त्याचा साधारण तिसरा हिस्सा उरतो. पावसाची ही उतरंड आणि हा जांभा ध्यानात घेतल्याशिवाय इथल्या कोणत्याही धंद्याचा उदय किंवा अस्त कळत नाही. जांभ्यात लोह असते, पाऊस रान वाढवतो, आणि रान म्हणजे कोळसा. जिथे खनिज आणि इंधन एकाच डोंगरावर शेजारी नांदतात, तिथे लोखंड तयार होणे हे नवल नव्हते.

ते काम धावड करीत. धावड हे या डोंगराळ भागातले लोखंड गाळणारे मुसलमान कारागीर. महाबळेश्वरच्या पठारावरील जुन्या वस्तीचे वर्णन करताना कुणबी, कोळी, धनगर आणि धावड अशी चार नावे एका दमात घेतली जात, यावरून त्यांचे या भूमीशी असलेले नाते कळावे. लोहयुक्त दगड वेचायचा, फोडायचा, मातीच्या भट्टीत कोळशाच्या थरांबरोबर रचायचा, आणि भात्यांनी तासन्‌तास वारा घालत राहायचे. लोखंड वितळून पाण्यासारखे वाहावे इतकी उष्णता अशा भट्टीत निर्माण होत नाही; तळाशी स्पंजासारखा सच्छिद्र गोळा जमतो, तो तापलेला असतानाच ठोकून ठोकून त्यातला कीट बाहेर काढावा लागतो, तेव्हा कुठे कुऱ्हाड, कोयता, फाळ किंवा घोड्याची नाल घडवण्याजोगे लोखंड हाती येते. हे काम करणाऱ्याला दगड ओळखता यावा लागतो, कोणत्या लाकडाचा कोळसा किती ताव देईल ते माहीत असावे लागते, आणि भट्टीच्या ज्वाळेचा रंग पाहून आत काय चालले आहे हे सांगता यावे लागते. याला उद्योग म्हणायचे नसेल, तर उद्योग या शब्दाची आपली व्याख्याच धुरांड्याच्या उंचीवर ठरलेली आहे असे म्हणावे लागेल.

हा धंदा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थकापर्यंत मोडला, तो दोन बाजूंनी दाबला गेल्यामुळे. एका बाजूने इंग्लंडहून जहाजांनी येणारे स्वस्त लोखंड मुंबईच्या बंदरातून घाटावर चढले. दुसऱ्या बाजूने इंधन महाग आणि दुर्मीळ झाले. ब्रिटिश सरकारने १८६५ मध्ये आणि अधिक कडक स्वरूपात १८७८ मध्ये वनकायदे केले, राने राखीव होत गेली आणि कोळसा पाडण्यावर निर्बंध आले. स्वस्त परदेशी मालाशी झुंजणारा कारागीर कदाचित शेती-अवजारांच्या स्थानिक मागणीवर आणखी काही काळ तगला असता. पण रानच हातून गेल्यावर भट्टी पेटवायची कशाने? भट्ट्या विझल्यानंतर धावड मजुरीकडे आणि किरकोळ व्यापाराकडे वळले. डोंगरात उद्योग नाही असे आज म्हणताना, तो कधी नव्हताच आणि तो बंद पाडला गेला या दोन गोष्टींतला फरक आपण विसरतो.

रान राखण्याला माझा विरोध आहे असा याचा अर्थ कुणी काढू नये. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री यांची उगमस्थाने ज्या पठारावर मानली जातात, तिथले झाड न तोडण्यामागे साऱ्या प्रदेशाचे हित आहे, आणि कोळशाच्या भट्ट्यांनी त्या काळी रानाची हानी केली असणार हेही उघड आहे. प्रश्न आहे तो ओझे कुणाच्या खांद्यावर पडले याचा. त्याच कायद्यांनी कुमरीची, म्हणजे डोंगरउतारावर रान जाळून राखेत नाचणी आणि वरी पेरण्याची, शेती आक्रसत नेली; धनगरांच्या जनावरांची चराई आवळली. आणि त्याच काळात वर गिरिस्थानात साहेबांच्या बंगल्यांसाठी रस्ते, घोडेवाटा आणि देखावे मोकळे केले जात होते. सातारा जिल्ह्यातील कटगुण हे ज्यांचे मूळ गाव, त्या जोतीराव फुल्यांनी १८८० च्या दशकात शेतकऱ्याच्या दैन्याची कारणे मांडताना जंगलखात्याने डोंगर आणि गायराने गिळल्याची तक्रार केली होती. ती तक्रार त्यांनी पुण्यात बसून कल्पनेने रचली नव्हती.

आता याच्याही मागे जाऊ. जावळीचे खोरे इतिहासात मुख्यतः दोन घटनांसाठी ओळखले जाते: १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी चंद्रराव मोऱ्यांकडून जावळी घेतली ती, आणि १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखान मारला गेला ती. दोन्ही घटना आपण शौर्याच्या अंगाने सांगतो आणि ते योग्यच आहे. पण मोऱ्यांच्या या अडचणीच्या खोऱ्याला एवढे महत्त्व का होते, हा प्रश्न शाळेत सहसा कुणी विचारत नाही. त्याचे उत्तर बरेचसे घाटवाटांत आहे. महाडच्या बंदराकडून येणारा माल पार घाटाने देशावर चढे आणि देशावरचा माल त्याच वाटेने उतरे. मीठ, सुकी मासळी, नारळ वर आणि धान्य, गूळ, कापड खाली, अशी लमाणांच्या बैलांची ये-जा ज्याच्या ताब्यात, त्याच्या हाती जकात आणि बातमी या दोन्ही गोष्टी असत. घाटवाट हा या डोंगराचा फार जुना धंदा होता. बैलांना चारा देणारा, वाट दाखवणारा, ओझे वाहणारा, चौकी राखणारा, प्रत्येकाचे पोट त्या वाटेवर होते. प्रतापगडाखालच्या पार गावातून आज पर्यटकांच्या गाड्या वेगाने निघून जातात, कारण तिथे 'पॉइंट' नाही.

पॉइंटांचा विषय निघालाच आहे, तर १८२४ मध्ये लॉडविक नावाचा लष्करी अधिकारी या पठारावर चढला आणि त्याने इथल्या हवेची कीर्ती मुंबईत पोहोचवली. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार करून हे पठार मिळवले आणि बदल्यात वाईकडचे खंडाळा गाव दिले. पेठेला माल्कमपेठ हे नाव पडले, टोकांना लॉडविक, एल्फिन्स्टन, बॅबिंग्टन, विल्सन ही नावे पडली, आणि माल्कमच्या मुलीच्या नावाने केट्स पॉइंट झाला. महाराजांनी आपल्या खर्चाने रस्ता केला, त्यांच्या मागून गादीवर आलेल्या आप्पासाहेबांनी १८४२ मध्ये वेण्णा तलाव बांधला; पण गावाच्या नकाशावर नाव उमटवण्याचा मान बहुतेक ठिकाणी पाहुण्यांनाच मिळाला. या नावांची चीड येण्याइतका मी भाबडा नाही, आणि ती बदलून नवी नावे द्यावीत असेही मला वाटत नाही. पण ज्या गावाची ओळख सूर्यास्त पाहणाऱ्यांच्या नावांनी ठरते, त्या गावात सूर्योदयाला उठून काम करणाऱ्यांची नोंद कुठे सापडायची?

त्यातल्या एका गटाची नोंद तुरुंगामुळे राहिली. १८३० च्या दशकात माल्कमपेठेत एक तुरुंग बांधण्यात आला आणि त्यात चिनी व मलायी कैदी ठेवण्यात आले. समुद्रापलीकडून आणलेली ही माणसे दिवसा रस्त्यांवर आणि बागांत राबत. साहेबांच्या जेवणासाठी त्यांनी बटाटे आणि विलायती भाज्या पिकवल्या, वेताच्या टोपल्या विणल्या, आणि ते पाहून स्थानिकांनीही ही कामे उचलली. १८६४ मध्ये तुरुंग बंद झाला. शिक्षा पुरी झालेल्यांपैकी काहीजण इथेच राहिले. महाबळेश्वरच्या बाजारात आजही वेताच्या वस्तू, काठ्या आणि चामड्याच्या चपला मांडलेल्या दिसतात, आणि घेणारा त्यांना 'इथली खासियत' म्हणून घरी नेतो. या खासियतीच्या मुळाशी सक्तमजुरी आहे, आणि ज्या मजुरांनी ही खासियत दिली ते ना मराठी होते, ना इंग्रज. एखाद्या गावाने अभिमानाने सांगावा असा हा इतिहास आहे की लपवावा असा, हे मला ठरवता आलेले नाही. सांगितला मात्र गेला पाहिजे.

बटाट्याच्या यशाशेजारी सिंकोनाचे अपयश ठेवून पाहिले, तर एक गोष्ट लक्षात येते. हिवतापावरचे क्विनीन ज्या झाडाच्या सालीतून मिळते, त्या सिंकोनाची सरकारी लागवड १८६० च्या दशकात महाबळेश्वरजवळच्या लिंगमळ्याला करण्यात आली. पैसा सरकारचा, शास्त्र युरोपचे, हेतूही उदात्त म्हणावा असा. पण चार महिने धो-धो पाऊस आणि नंतर आठ महिने कोरडी हवा हे गणित त्या झाडाला मानवले नाही, आणि काही वर्षांतच प्रयोग गुंडाळावा लागला. नीलगिरीत आणि दार्जिलिंगच्या बाजूला जे जमले, ते इथे जमले नाही. लिंगमळ्याचा धबधबा पाहायला जाणाऱ्यांना ही गोष्ट सांगणारी एक पाटी तरी तिथे असावी, असे मला फार दिवसांपासून वाटते. वरून आलेली योजना कितीही थोर असली तरी तिला इथल्या पावसाची परवानगी घ्यावी लागते.

काही धंदे असे आहेत की ज्यांना कुणी बाहेरून आणलेले नाही. हिरडा हे त्यातले एक. कातडे कमावण्यासाठी लागणारे टॅनिन हिरड्यात असते, आणि एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून परदेशी जाणाऱ्या हिरड्याचा एक वाटा सह्याद्रीच्या याच रानांतून जाई. वेचणी डोंगरातली माणसे करीत. रान राखीव झाल्यावर मक्ता आणि भाव ठरवणे त्यांच्या हातून गेले. दुसरा धंदा मधाचा. जांभूळ, हिरडा, गेळा यांच्या फुलोऱ्यावर आणि सात-आठ वर्षांनी एकदाच फुलणाऱ्या कारवीवर मधमाश्या जगतात. कड्यावरच्या आग्यामाशीचे पोळे काढणारे पूर्वीपासून होतेच, आणि विसाव्या शतकात सातेरी माशी पेटीत पाळण्याचे तंत्र इथे रुजले. राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वरात आहे ते त्यामुळे. मे २०२२ मध्ये प्रतापगडाजवळच्या मांघर या गावाला देशातले पहिले 'मधाचे गाव' म्हणून जाहीर करण्यात आले. घोषणांवर माझा फारसा विश्वास नाही, पण हिच्यात एक गोष्ट खरी आहे: मधमाशीला रान उभे असलेले लागते. रान राखणे आणि पोट भरणे यांच्यातले जे भांडण धावडांच्या भट्टीने सुरू केले होते, ते या धंद्यात मिटते.

स्ट्रॉबेरीकडे येताना उत्साह आवरावा लागतो. इंग्रजांच्या बागांतून शेतकऱ्याच्या वाफ्यात आलेले हे फळ आज तालुक्याचे मुख्य नगदी पीक आहे, देशातल्या स्ट्रॉबेरीपैकी चार पंचमांशांहून अधिक याच भागातून येते असे मानले जाते, आणि २०१० मध्ये महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला भौगोलिक निर्देशांक मिळाला. पावसाळा सरता सरता लावणी, हिवाळ्याच्या तोंडावर पहिला तोडा, एप्रिलपर्यंत हंगाम. तांबडी माती, रात्रीची थंडी आणि झऱ्या-विहिरींचे पाणी या तिन्ही गोष्टी इथल्याच. एकोणीसशे पन्नास-साठच्या दशकांत पाचगणीला फळप्रक्रियेचे कारखाने उभे राहू लागले, तेव्हापासून न खपलेले फळ फेकून देण्याची पाळी कमी झाली. भिलारसारख्या गावात आजही कुटुंबाचे वर्ष या पिकावर बेतलेले असते. २०१७ मध्ये ते 'पुस्तकांचे गाव' झाले, तेव्हा पुस्तके ठेवायला घरे होती, कारण त्या घरांना शेतीने उभे केले होते. अडचणी अर्थात आहेत. मातृरोपे परदेशातून आणावी लागतात, वाफे झाकण्याचे (मल्चिंगचे) प्लास्टिक दरवर्षी वाढते, आणि पर्यटकांचा हंगाम व पिकाची तहान एकाच वेळी आल्याने पाण्याची ओढाताण होते. तरीही शेती पोट भरत नाही हे वाक्य महाबळेश्वर तालुक्यात उभे राहून म्हणणे धाडसाचे आहे.

मग माणसे गेली का? जावळी आणि पाटणच्या खोऱ्यांतली माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गेली हे खरेच आहे. मशीद बंदरच्या गोदामांत, गोदीत आणि बाजारात डोक्यावर ओझी वाहणाऱ्यांत या भागाचा वाटा एवढा मोठा, की माथाडी कामगारांचे संघटन उभारून १९६९ चा माथाडी कायदा घडवून आणणारे अण्णासाहेब पाटीलही पाटण तालुक्यातलेच. ज्या डोंगरातले बैल एके काळी पार घाटाने ओझी चढवीत, त्या डोंगरातली माणसे मुंबईत ओझी वाहू लागली. पण या स्थलांतराची सारी जबाबदारी डोंगराच्या दारिद्र्यावर टाकता येत नाही. कोयनेवर हेळवाकजवळ १०३ मीटर उंचीचे धरण बांधले गेले, साठच्या दशकाच्या आरंभी शिवसागर जलाशय भरू लागला, आणि तापोळा-बामणोलीच्या बाजूची खोऱ्यातली सपाट, भाताची, सर्वांत चांगली जमीन पाण्याखाली गेली. कुणी सोलापूर-सांगलीकडे, कुणी रायगड-ठाण्याकडे गेले. कांदाटी खोऱ्यातले जे लोक मागे राहिले, त्यांना तालुक्याच्या गावी जायला लाँचची वाट पाहावी लागू लागली. १९८५ मध्ये कोयना अभयारण्य आले, पुढे सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आला. आज कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉट आहे. महाराष्ट्राच्या कारखानदारीला मिळालेल्या या विजेचा हिशेब करताना, डोंगराने उद्योगाला काहीच दिले नाही असे म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. कृष्णेवर धोम, वेण्णेवर कण्हेर, कोयनेवर कोयना: इथे उगम पावून देशाकडे वाहणारी प्रत्येक मोठी नदी खाली अडवलेली आहे, आणि वर मात्र मे महिन्यात वेण्णा तलावाची पातळी हा महाबळेश्वर-पाचगणीकरांच्या रोजच्या चिंतेचा विषय असतो.

पर्यटनाच्या बाजूने जे प्रामाणिकपणे बोलतात, त्यांचे म्हणणे टाकाऊ नाही. जुन्या महाबळेश्वरावरचा भार असह्य झाला आहे, घोडेवाला, टॅक्सीवाला, खोल्या भाड्याने देणारा, मक्याचे कणीस भाजणारी बाई यांचे संसार पर्यटकांवर चालतात, आणि खोऱ्यातल्या तरुणाला स्ट्रॉबेरीचा वाफा नसतो, कारण त्याच्याकडे ना तांबडी माती आहे ना उपसा. त्याला गावात काम हवे ही मागणी न्याय्य आहे. पण पर्यटनाचा उत्पन्नातला वाटा कुणाकडे जातो हे ठरते ते जमिनीच्या मालकीवर, आणि प्रकल्पाच्या नुसत्या बातमीने जमिनी कशा हलतात हे सह्याद्रीत लवासा या खासगी गिरिशहरापासून सर्वांनी पाहिलेले आहे. एकदा सातबाऱ्यावरचे नाव बदलले, की गावचा तरुण गावातच राहील हे खरे, पण पहारेकरी म्हणून. शिवाय या उतारांचा स्वभाव विसरून चालत नाही. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, आंबेनळी घाटाचा रस्ता जागोजागी खचला, आणि त्याच पावसात पाटण तालुक्यातील आंबेघर आणि मिरगाव या गावांवर दरडी कोसळून माणसे गाडली गेली. २००१ मध्ये महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित झाला, तो काही केवळ देखाव्यासाठी नव्हता. लगतच्या खोऱ्यांना वेगळा न्याय लावण्याचे भौगोलिक कारण मला दिसत नाही.

म्हणून आराखड्याच्या कामाची सुरुवात दुसऱ्या टोकाने व्हायला हवी. या प्रत्येक गावात शंभर-दीडशे वर्षांत कोणती कामे होती, त्यांतली कोणती कशामुळे बंद पडली आणि कोणती अजून चालू आहेत, याची नोंद गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून आणि जुने दप्तर पाहून आधी व्हावी. वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला. त्याखालचे सामूहिक दावे ज्या गावांत प्रलंबित असतील, तिथे ते निकाली निघेपर्यंत जमिनीचा वापर बदलू नये, म्हणजे हिरडा आणि मध यांवर गावाचा अधिकार ठरल्याशिवाय त्या रानाचे 'पर्यटन क्षेत्र' होणार नाही. जमीन विकण्याऐवजी भाड्याने देण्याची, आणि ती गावाच्या सहकारी संस्थेमार्फत देण्याची, तरतूद नियमावलीतच असावी. पाण्याचा हिशेब हॉटेलांच्या खोल्यांच्या संख्येआधी मांडावा आणि त्यात मे महिना धरावा, जुलै नव्हे.

आणि हरकती-सूचनांची सुनावणी साताऱ्यात किंवा मेढ्यात, कामाच्या दिवशी, सकाळी अकरा वाजता घेण्यात अर्थ नाही, कारण ज्यांच्या जमिनींचा प्रश्न आहे त्यांतले अर्धे लोक त्या वेळी मुंबईत कामावर असतात. ती गावच्या यात्रेच्या दुसऱ्या दिवशी देवळात घ्यावी, नाहीतर सरळ मशीद बंदरला एखादा हॉल घ्यावा.